सरकारी पुस्तक सापडते कसे?

सरकार पुष्कळ छापते. कायदे, शेतीची पत्रके, खानेसुमारी. पण नोंदच नसेल, तर पुस्तक कपाटात असून नसल्यासारखे!

अमेरिकेचा सरकारी छापखाना १८६१ सालचा. तिथे हजारावर ग्रंथालयांना सरकारी प्रकाशने फुकट मिळतात. ती कोणालाही मोफत पाहू द्यायची, ही एक अट. १९७६ साली नोंदी संगणकावर होऊ लागल्या. जुन्या नोंदींची दहा लाखांवर कार्डे मागे राहिली. एकट्या छापखान्याला ती कुठली उरकायला? मग काही ग्रंथालयांनी हात दिला. आपल्याकडच्या जुन्या पुस्तकांची नोंद ती स्वतः करतात: नाव, खाते, साल, विषय. तीच नोंद इतरांना आयती मिळते.

आमच्या मते यात खरे कष्टाचे काम विषय लिहिण्याचे. नुसते नाव लिहिले, तर नाव ठाऊक नसलेला माणूस हात हलवीत परत जायचा.