पलीकडची बाजू वाचणारे

१९६३ साली आय. ए. रिचर्ड्स या इंग्रज समीक्षकाच्या कलाविचारावर मराठीत एक पुस्तक आलं, ‘रिचर्ड्सची कलामीमांसा’. लेखक पुण्या-मुंबईच्या कुठल्या महाविद्यालयातला नव्हता. नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत त्यानं मास्तरकी केली होती, इंटरच्या परीक्षेत तो पुनःपुन्हा नापास झाला होता, आणि पदव्या त्यानं नोकरी करता करता मिळवल्या होत्या. नाव नरहर कुरुंदकर, वय एकतीस. त्याच सुमारास ते नांदेडच्या पीपल्स कॉलेजात शिकवायला लागले. पुढं १९७७मध्ये तिथलेच प्राचार्य झाले.

मराठवाड्यातल्या वाचनाची गोष्ट निघाली की ती कुरुंदकरांपासून सुरू होते आणि बहुतेक वेळा त्यांच्यापाशीच संपते. ‘काय अफाट वाचन होतं!’ असं म्हणून आपण हात जोडतो आणि मोकळे होतो. ग्रंथ पचवलेली माणसं महाराष्ट्रात आणखीही होती. नांदेड-लातूरच्या गेल्या सत्तर-पंच्याहत्तर वर्षांकडे वळून पाहताना मला महत्त्वाची वाटते ती एक सवय. आपल्याला न पटणाऱ्या माणसाचं आधी पूर्ण ऐकायचं, त्याचा युक्तिवाद त्याच्याहून नेटका मांडायचा, आणि मग त्याच्याशी भांडायचं. ही सवय या भागात कशी रुजली, कुठं कमी पडली आणि तिचं पुढं काय झालं, ते पाहू.

१९४८च्या सप्टेंबरपर्यंत नांदेड आणि लातूर निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. घरात मराठी आणि कचेरीत उर्दू असा व्यवहार होता. नांदेडकडच्या सीमेवर तेलुगू कानावर पडायची, उदगीर-निलंग्याकडे कन्नड. १९१८मध्ये निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचं माध्यमही उर्दूच होतं. दुसऱ्याची भाषा आल्याशिवाय इथं साधा अर्ज करता येत नव्हता. सभा घ्यायची तर सरकारी परवानगी लागायची. त्यामुळं वाचनालय, गणेशोत्सव आणि खाजगी शाळा हीच चार माणसांनी एकत्र बसून बोलायची ठिकाणं उरली. वाचनालयात वर्तमानपत्र चाळणं हेसुद्धा या मुलखात थोडंफार राजकारणच होतं.

कुरुंदकरांचा जन्म १५ जुलै १९३२चा, मूळ गाव वसमतजवळचं कुरुंदा. शाळा वसमतला झाली आणि पुढच्या शिक्षणासाठी ते हैदराबादला मामांकडं गेले. मामा डॉ. ना. गो. नांदापूरकर उस्मानियात मराठीचे प्राध्यापक होते. ‘मुक्त-मयूरांची भारते’ हा त्यांचा गाजलेला ग्रंथ. महाभारत एकच, पण मुक्तेश्वर ते एका तऱ्हेनं सांगतो आणि मोरोपंत दुसऱ्या. दोघांना शेजारी ठेवलं की दोघंही अधिक कळतात. भाच्यानं पुढं महाभारतावर स्वतःच्या पद्धतीनं लिहिलं, ते ‘व्यासांचे शिल्प’मध्ये आलं आहे. एकाच गोष्टीला अनेक सांगणारे असतात हे या घरात गृहीतच होतं.

कोवळ्या वयात ते हैदराबादच्या मुक्तिलढ्यात ओढले गेले. रझाकारांचा काळ पाहिलेल्या पिढीला मुसलमानांच्या राजकारणाविषयी एक तयार मत बाळगणं सोपं होतं. ‘जागर’ आणि ‘शिवरात्र’ या १९७०च्या आसपासच्या पुस्तकांत कुरुंदकर तो सोपा रस्ता घेत नाहीत. सर सय्यद अहमद, इक्बाल, जीना, आझाद यांच्या भूमिका ते एकेक करून तपासतात. त्या त्या माणसाला ती भूमिका कशी सुचली, तिच्यात कुठलं तर्कशास्त्र आहे आणि ते तर्कशास्त्र शेवटी कुठं नेऊन सोडतं, हे सांगतात. निष्कर्ष कठोर आहेत. हिंदुत्ववादी विचारांची तपासणीही त्यांनी तेवढ्याच कठोरपणे केली. स्वतः समाजवादी परंपरेतले, राष्ट्र सेवा दलाशी नातं असलेले. पण शिव्या घालून प्रतिपक्ष संपवायचा हा मार्ग त्यांना कमअस्सल वाटे. मुस्लिम समाजात सुधारणेची हाक देणाऱ्या हमीद दलवाईंशी त्यांचं जुळलं, याचं एक कारण हेही असावं. दोघंही आपापल्या माणसांना न आवडणारं बोलत होते.

मनुस्मृतीवरची त्यांची मांडणीही याच धाटणीची आहे. २५ डिसेंबर १९२७ला महाडला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली त्या ग्रंथाचं दहन झालं. त्यानंतरच्या वादात एक बाजू स्त्रीसन्मानाचा तो प्रसिद्ध श्लोक पुढं करून समर्थन करत राहिली, तर दुसऱ्या बाजूतल्या अनेकांना ग्रंथ उघडण्याची गरजच वाटली नाही. कुरुंदकर दहनाच्या बाजूचे होते, तरी त्यांनी ग्रंथ पानोपान वाचला. वेचक श्लोकांवरून ग्रंथाचा न्याय होत नाही, सगळा ग्रंथ समोर ठेवा आणि त्यानं समाज कसा बांधला ते पाहा, असा त्यांचा आग्रह होता. समर्थकांना हे वाचन फार जड गेलं असणार. विरोधकानं आपला ग्रंथ आपल्याहून नीट वाचलाय, यासारखी अडचण नाही.

पण मला सगळ्यात बोलकं उदाहरण ‘श्रीमान योगी’चं वाटतं. रणजित देसाई शिवाजी महाराजांवर कादंबरी लिहीत होते आणि कुरुंदकरांनी त्यांना एक भलं मोठं पत्र लिहिलं. लोकांच्या मनात महाराजांचे प्रसंग आहेत: अफजलखान, शाहिस्तेखान, आग्रा. कुरुंदकरांनी लक्ष वेधलं ते महसुलाच्या घडीकडं आणि राज्यकारभाराकडं. १६८० नंतर राजा गेला, त्याचा मुलगा मारला गेला, खजिना रिता झाला, तरी माणसं औरंगजेबाशी १७०७पर्यंत का लढत राहिली, हा त्यांचा खरा प्रश्न होता. चमत्कारांवर पोसलेल्या भक्तीला हे मानवणारं नव्हतं. त्यांच्या त्या पत्राइतकंच कौतुक देसाईंचं करावं लागतं. त्यांनी ते पत्र फाइलला लावलं नाही. कादंबरीची प्रस्तावना म्हणून छापलं. आपल्या कादंबरीच्या दारातच आपल्याहून वेगळी नजर उभी करायला लेखकाकडं मोठं मन लागतं. आज कित्येक वाचक ती कादंबरी हातात घेतात ते आधी प्रस्तावना वाचायला.

हे एकट्याचं काम नव्हतं. औरंगाबादला अनंत भालेराव ‘मराठवाडा’ हे दैनिक चालवत होते. उदगीरला महाराष्ट्र उदयगिरी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. ना. य. डोळे राज्यशास्त्र शिकवत आणि लिहीत होते. गावोगावच्या व्याख्यानमाला, शिक्षकांच्या बैठका, चहावर तासन्‌तास चालणारे वाद यांतून पुस्तकातलं पुस्तक न वाचणाऱ्यांपर्यंतही पोचायचं. १० फेब्रुवारी १९८२ला औरंगाबादमध्ये एका कार्यक्रमात व्यासपीठावरच कुरुंदकरांना हृदयविकाराचा झटका आला आणि ते गेले. वयाची पन्नाशीही पुरी झाली नव्हती.

मात्र कौतुकाचा हा सूर इथंच थोडा आवरावा लागतो, कारण कुरुंदकर गेले त्याच्या साडेतीन वर्षं आधी या वाचत्या मराठवाड्याची परीक्षा झाली होती. २७ जुलै १९७८ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. नांदेड जिल्ह्यात दलित वस्त्या जाळल्या गेल्या, माणसं मारली गेली. मुक्तिलढ्यातली, ग्रंथप्रेमी, पुरोगामी म्हणवणारी कितीतरी मंडळी नामांतराच्या विरोधात उभी राहिली. खुद्द भालेरावांचा ‘मराठवाडा’ विरोधात होता. आंबेडकरांची पुस्तकं या मंडळींच्या कपाटात नव्हती असं नाही. पण ग्रंथातला विरोधक समजून घेणं आणि गावकुसाबाहेरच्या शेजाऱ्याला समजून घेणं यात अंतर होतं, आणि ते अंतर वाचनानं आपोआप भरून निघत नाही, हे त्या महिन्यांत दिसलं.

ते अंतर भरायचं तर पलीकडच्या बाजूनं स्वतः बोलायला हवं होतं. तसं बोलणं सुरू झालं होतं. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयातले डॉ. म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकून आले होते. येताना त्यांनी कृष्णवर्णीयांच्या साहित्याची ओळख आणली. डॉ. गंगाधर पानतावण्यांचं ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक सुरू झालं. लातूरमध्ये हाच धागा डॉ. जनार्दन वाघमारे यांनी धरला. ते इंग्रजीचे प्राध्यापक आणि राजर्षी शाहू महाविद्यालयाचे संस्थापक प्राचार्य. ‘अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती’ हे त्यांचं पुस्तक. रिचर्ड राइट, राल्फ एलिसन, जेम्स बाल्डविन यांची नावं मराठवाड्यातल्या विद्यार्थ्यांच्या तोंडी येऊ लागली. आपल्या शिवारातलं दुःख नीट पाहायला कधी मिसिसिपीवरून वळसा घ्यावा लागतो. गुलामगिरी आणि अस्पृश्यता एक नव्हेत. पण शेजारी ठेवल्या की दोन्हींची हाडं दिसतात.

पुढच्या काही वर्षांत या परिसरातूनच ते आवाज आले. प्र. ई. सोनकांबळे यांचं ‘आठवणींचे पक्षी’ हे आत्मकथन १९७९चं. लातूरजवळच्या धनेगावचे लक्ष्मण गायकवाड यांचं ‘उचल्या’ हे आत्मकथन १९८७मध्ये आलं आणि पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. लातूरच्या दयानंद महाविद्यालयात हिंदी शिकवणारे डॉ. सूर्यनारायण रणसुभे यांनी ‘आठवणींचे पक्षी’ आणि शरणकुमार लिंबाळेंचं ‘अक्करमाशी’ हिंदीत नेलं आणि उत्तरेतल्या वाचकाला महाराष्ट्राचं गाव दाखवलं. कुरुंदकरांची पिढी दुसऱ्याची बाजू त्याच्या वतीनं मांडत होती. आता तो दुसरा स्वतःच सांगत होता, आणि ऐकायची पाळी इतरांची होती.

१४ जानेवारी १९९४ला मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावानं नवं विद्यापीठ सुरू झालं आणि त्याचे पहिले कुलगुरू झाले वाघमारे. नामांतरावरून जिथं घरं जळली, त्या जिल्ह्यातल्या विद्यापीठाची घडी बसवायचं काम अमेरिकेतल्या हार्लेमपासून गावकुसापर्यंत वाचत आलेल्या माणसाकडं आलं.

दरम्यान लातूरची ओळख बदलत होती. १६ ऑगस्ट १९८२ला लातूर उस्मानाबादपासून वेगळा जिल्हा झाला आणि ऐंशीच्या दशकात ‘लातूर पॅटर्न’चं नाव राज्यभर झालं. गुणवत्ता यादीत मुलं झळकू लागली. जादा तास, सराव परीक्षा, प्रश्नपत्रिका पुनःपुन्हा सोडवणं हे त्याचं तंत्र. शाहू आणि दयानंद ही त्याची मुख्य नावं. नंतर त्याला मेडिकल-इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षा जोडल्या गेल्या, मागोमाग क्लासेस, मेस आणि होस्टेलं आली. याला नावं ठेवणं शहरी ऐट होईल. कोरडवाहू शेतकऱ्याची मुलगी यातून डॉक्टर झाली, ही थोडी गोष्ट नाही.

तरीही वाचनाच्या अंगानं एक मोठा बदल झाला. चार पर्यायांतला एक बरोबर आणि तीन चूक, चुकीला गुण वजा: मुलाची दोन कोवळी वर्षं या हिशेबात जातात. उरलेल्या तीन पर्यायांत काही तथ्य असेल का, हा विचार तिथं परवडत नाही. कुरुंदकर ज्याला वाचन म्हणत त्याची सुरुवातच त्या तीन पर्यायांपासून व्हायची. दोन्ही शहरांत आज जागोजागी अभ्यासिका दिसतात. टेबल, खुर्ची, चार्जिंगचं बटण. पुस्तकं ज्याची त्यानं आणायची. रात्री उशिरापर्यंत त्या भरलेल्या असतात. वाचणारे हात या भागात कधी नव्हे इतके आहेत, आणि प्रत्येकासमोर साधारण तीच पुस्तकं आहेत. कृष्णवर्णीयांचं साहित्य लातूरला आणणाऱ्या प्राचार्यांचं महाविद्यालयच या पॅटर्नची ओळख बनावं, हे विसंगत दिसतं. पण दोन्हींच्या मुळाशी मागासपणाचा राग एकच होता. एकानं तो जगाच्या नकाशावर मांडला, दुसऱ्यानं गुणपत्रिकेवर.

कुरुंदकर स्वतः मात्र विस्मरणात गेलेले नाहीत. देशमुख आणि कंपनीनं त्यांची पुस्तकं जपली, ‘साधना’चे विनोद शिरसाठ यांनी निवडक लेखनाचे खंड संपादित केले, आणि अजय अंबेकरांचं ‘नरहर कुरुंदकर : एका विचारवंताची गोष्ट’ हे अभिवाचन रंगमंचावर आलं. धोका आहे तो वेगळा. मोबाइलवर त्यांचे चार-चार ओळींचे उतारे फिरतात. मुसलमानांच्या राजकारणावर टीका करणारा उतारा एक गट पाठवतो, हिंदुत्वावर टीका करणारा दुसरा. कुरुंदकरांना हेच तर नको होतं. वेचक श्लोकांवर ग्रंथ उभा करू नका, हे सांगण्यात त्यांनी आयुष्याची वर्षं घातली.

त्यांच्याच पद्धतीनं त्यांना वाचायचं तर उणेपणाही मांडावा लागेल. मला तो असा दिसतो: मुस्लिम राजकारणाची त्यांची मांडणी नेत्यांच्या ग्रंथांवर आणि भाषणांवर फार विसंबते. नांदेडच्या इतवाऱ्यातला कारागीर किंवा उदगीरचा बागवान रोज काय विचार करतो, याला तिच्यात जागा थोडी आहे. त्यांच्यावरही ‘जीना काय म्हणाले’ यापेक्षा ‘शेजारी काय म्हणतो’ हे ऐकायचं राहून गेल्याचा आक्षेप घेता येतो, आणि १९७८नं तोच आक्षेप अख्ख्या मराठवाड्यावर घेतला होता. तेव्हा अभ्यासिकेतल्या मुलांना त्यांचं पुस्तक द्यायचं तर सोबत ‘उचल्या’ही द्यावं, आणि दोन्ही वाचून झाल्यावर एवढंच विचारावं: या दोन लेखकांचं एकमेकांशी कुठं पटलं नसतं? या प्रश्नाला चार पर्याय नाहीत. उत्तरपत्रिका तपासायला कुणी बसणार नाही. पण जो मुलगा किंवा मुलगी याचं उत्तर शोधायला बसेल, त्यांच्या हातून नांदेड-लातूरची ही जुनी सवय पुढं चालेल.