लिंगाचा रकाना

एन(सोर्ट, एव्ह, बासिस, झैड, स्टान).

डच भाषेतल्या ‘ताफल’, म्हणजे टेबल, या शब्दाला बोलल्या जाणाऱ्या डच भाषेच्या संग्रहात लागलेला हा टॅग, म्हणजे व्याकरणाची खूण. उलगडून वाचायचा तर: नाम, सामान्यनाम, एकवचन, मूळ रूप (लघुत्वदर्शक नव्हे), ‘झैड’ लिंग, साधी विभक्ती. बाकीचे रकाने फारसा वाद न होता भरतात. खरी गंमत आहे ती ‘झैड’मध्ये.

डचमध्ये मराठीसारखीच तीन लिंगं होती. पुल्लिंगी आणि स्त्रीलिंगी नामांना ‘द’ हे उपपद, नपुंसकलिंगी नामांना ‘हेट’. नेदरलँड्सच्या बहुतेक भागात पहिल्या दोहोंतला फरक बोलण्यातून पुसला गेला. तिथला माणूस टेबलाला सरळ ‘तो’ म्हणतो. सीमा ओलांडून बेल्जियमच्या फ्लँडर्समध्ये गेलात, की तेच टेबल अजून ‘ती’ असतं, आणि पुल्लिंगी-स्त्रीलिंगी नामांआधीची उपपदंही बोलीत वेगवेगळी ऐकू येतात. भाषा एक, प्रमाण लेखन एक, पण सर्वनाम वेगळं. मग रकान्यात लिहायचं काय?

हा प्रश्न संगणकाच्या फार आधीचा आहे. डे व्ह्रीस आणि टे विंकल या भाषाभ्यासकांच्या जोडीने एकोणिसाव्या शतकात लेखनाचे नियम घातले आणि 1866 साली शब्दसूची काढली. त्या नियमांनुसार विशिष्ट विभक्तींत पुल्लिंगी नामाआधी ‘द’ऐवजी ‘डेन’ लिहायचं. ज्याच्या कानाला हा फरक कधी ऐकूच आला नाही, अशा हॉलंडमधल्या शाळकरी पोरालाही प्रत्येक नामाचं लिंग घोकावं लागे. 1891 मध्ये शिक्षक कोलवाइन यांनी या जाचाविरुद्ध मोहीम उघडली. 1934 मध्ये मंत्री मार्खांट यांच्या सुधारणेने तो सैल झाला आणि 1947 च्या कायद्याने नेदरलँड्समध्ये ‘डेन’ बव्हंशी निकालात निघाला. तरी 1954 च्या ‘हिरव्या पुस्तिके’त, म्हणजे अधिकृत शब्दसूचीत, नामांपुढे खुणा होत्याच: पुल्लिंगी, स्त्रीलिंगी, आणि तिसरी खूण ‘स्त्री. (पु.)’. ही तिसरी खूण म्हणजे उत्तर आणि दक्षिण यांच्यातला तह. नियम स्त्रीलिंगाचा, सवलत पुल्लिंगाची!

1998 ते 2004 या काळात डच आणि फ्लेमिश सरकारांच्या पैशातून बोलल्या जाणाऱ्या डचचा तो संग्रह उभा राहिला. सुमारे 90 लाख शब्द. दोन तृतीयांश नेदरलँड्समधले, एक तृतीयांश फ्लँडर्समधले. टॅगांची आखणी बेल्जियमच्या लुव्हेनमधले भाषावैज्ञानिक फ्रांक फान आइंडे यांची. एकूण टॅग 316. लिंगाबाबत त्यांनी तहाचा रस्ता धरला नाही. वाक्यात जे रूपावरून दिसतं, तेवढंच टिपायचं. ‘द’ घेणारं ते ‘झैड’, ‘हेट’ घेणारं ते ‘ओन्झ’. पुल्लिंगी की स्त्रीलिंगी, हा प्रश्न नामाच्या टॅगमधून काढूनच टाकला. माझ्या मते हा या आखणीतला सर्वांत शहाणा निर्णय. फ्लेमिश माणसाला तो कोरडा वाटेल, पण टॅग लावणाऱ्याने कोशातलं ज्ञान वाक्यावर लादलं नाही, हे महत्त्वाचं.

तत्त्व किती काटेकोर पाळलंय, हे अनेकवचनात दिसतं. तिथे प्रत्येक नामाला ‘द’च लागतो, लिंग दिसत नाही. म्हणून अनेकवचनाच्या टॅगमध्ये लिंगाचा रकानाच नाही: एन(सोर्ट, एमव्ह, बासिस), संपलं. उलट, लघुत्वदर्शक प्रत्यय लागला की नाम हमखास नपुंसकलिंगी. ‘मैश्ये’, म्हणजे मुलगी, रूपाने लघुत्वदर्शक, म्हणून ‘हेट मैश्ये’. पुढच्या वाक्यात मात्र तिला सगळे बिनदिक्कत ‘ती’ म्हणतात. टॅग नामाचा आहे, मुलीचा नव्हे.

आता ‘डेक्सल’ घ्या, म्हणजे झाकण. हा शब्द ‘द’ही घेतो आणि ‘हेट’ही. ‘अन’ (एक) नंतरचं विशेषण ‘निउव्हे’ असेल तर ‘झैड’, ‘निउव’ असेल तर ‘ओन्झ’. पण वक्ता नुसतं ‘अन डेक्सल’ म्हणून थांबला तर? त्यासाठी ‘खेनुस’ असं तिसरं मूल्य ठेवलंय. अर्थ इतकाच, की इथे लिंग ठरत नाही. अंदाजपंचे भरायला मनाई.

वचनाचा रकाना त्यामानाने निरुपद्रवी वाटतो. पण पॅनकेकने त्याचीही परीक्षा पाहिली. 1954 च्या नियमाने हा शब्द मधल्या ‘न’शिवाय लिहीत, कारण एक केक एकाच तव्यावर भाजला जातो. 1995 मध्ये अर्थाचा निकष जाऊन रूपाचा आला: पहिल्या नामाचं अनेकवचन फक्त ‘-एन’ने होत असेल तर ‘न’ घाला, ‘-एस’नेही होत असेल तर नको. ‘पान’ म्हणजे तवा, त्याचं अनेकवचन ‘पान्नेन’, म्हणून पॅनकेकच्या डच शब्दात ‘न’ आला. विचार या अर्थाच्या ‘खेडाख्टे’ची दोन्ही अनेकवचनं चालतात, म्हणून त्याच्या समासात ‘न’ नाही. प्राण्याच्या नावाने सुरू होणाऱ्या वनस्पतींच्या नावांना तेव्हा सूट होती, ती 2005 मध्ये काढली. वृत्तपत्रं इतकी चिडली की काहींनी 2006 पासून वेगळी ‘पांढरी पुस्तिका’ प्रमाण मानली. कोशातल्या अनेकवचनाच्या नोंदीवर समासाचं लेखन ठरतं, आणि त्यावरून असा तंटा पेटतो.

मराठीतही आता नामांना लिंग-वचनाचे टॅग लावले जात आहेत. आपल्याकडे ‘बाग’ कुणाचा तो, कुणाची ती. ‘ढेकर’ आणि ‘तंबाखू’ही तसेच. वाक्यात क्रियापद किंवा विशेषण साक्ष देत असेल तर ती घ्यावी. ‘तंबाखूचा वास आला’ एवढंच असेल, तर शाळेच्या व्याकरणावर विसंबून रकाना भरण्याऐवजी ‘ठरत नाही’ लिहिण्याची सोय ठेवावी, एवढी विनंती हे काम करणाऱ्यांना आहे.