जुन्या वर्गाची हजेरी



अलीकडे गावोगावच्या हायस्कुलांतून माजी विद्यार्थ्यांचे मेळावे भरू लागले आहेत. कुणाच्या दहावीला पंचवीस वर्षे झालेली असतात, कुणाच्या चाळीस. १९७५ साली तर महाराष्ट्रात जुन्या अकरावीची शेवटची आणि नव्या दहावीची पहिली, अशा दोन परीक्षा एकाच वर्षी झाल्या आणि एकेका शाळेतून दोन-दोन वर्ग एकदम बाहेर पडले. त्या मंडळींना शाळा सोडून आता पन्नास वर्षे होऊन गेली. नातवंडांचे हात धरून ती आपल्या जुन्या वर्गाच्या पायऱ्या चढताना दिसतात.

मेळावा ठरला की मांडव पडतो, फेटे बांधले जातात, जुन्या गुरुजींना शाल आणि श्रीफळ मिळते, जेवण होते, फोटो निघतात. हे सारे चांगलेच आहे. पण मला आज बोलायचे आहे ते या सगळ्याच्या आधीच्या एका कामाविषयी, म्हणजे यादीविषयी. मेळाव्याला कुणाला बोलवायचे हे ठरते कशावरून?

पुष्कळ ठिकाणी असे होते. पुण्या-मुंबईकडे नोकरीला असलेले दोघे-तिघे मित्र मोबाईलवर व्हॉट्सॲपचा एक गट काढतात. ज्याला जो आठवेल, ज्याचा नंबर ज्याच्याकडे असेल, त्याला तो गटात घेतो. पंधरा दिवसांत चाळीस नावे होतात आणि सगळ्यांना वाटते, वर्ग जमला. आता वर्ग खरोखर जमला का, ते पाहा. जे पास झाले, पुढे शिकले, नोकरीधंद्याला लागले, ते एकमेकांच्या संपर्कात असतातच. पण जो दहावीला नापास झाला आणि पुन्हा शाळेकडे फिरकला नाही, तो कुठे आहे? जिचे नववीतच लग्न झाले, ती? आठवीत असताना बाप गेला म्हणून ज्याने औत धरले, तो? ही सगळी त्याच बाकांवर बसली होती. निकालाच्या कागदावर मात्र त्यांची नावे नाहीत, आणि मोबाईलच्या गटातही नाहीत.

कुणी म्हणेल, आठवत असते तर बोलावले असते. पण आठवण ही मोठी अजब वस्तू आहे. १९७५ सालीच अमेरिकेतील बाहरिक नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह एक अभ्यास प्रसिद्ध केला. शाळा सोडून थोडे महिने झालेल्यांपासून पन्नास वर्षे झालेल्यांपर्यंत ३९२ माणसांची त्यांनी परीक्षा घेतली. वर्गसोबत्यांचे जुने फोटो परक्या फोटोंत मिसळून दाखवले, तर पस्तीस वर्षांनंतरही लोक दहांपैकी सुमारे नऊ चेहरे ओळखत. पण काहीही न दाखवता ‘नावे सांगा’ म्हटले, की फार थोडी नावे आठवत. याचा अर्थ उघड आहे. सोबती मनातून गेलेला नसतो. त्याला वर आणायला काहीतरी खूण लागते. फोटो दाखवा, नाव वाचून दाखवा, की लगेच, “अरे हो, तो नदीपलीकडून यायचा, पावसाळ्यात दप्तर डोक्यावर घेऊन!” तेव्हा केवळ आठवणीवर यादी केली तर ती अर्धीच होणार. खूण हवी, आणि ती शाळेत जपून ठेवलेली आहे.

शाळेतील जनरल रजिस्टर म्हणजेच ती खूण. शिक्षक बंधुभगिनींना त्याची ओळख सांगायला नको, पण इतरांसाठी सांगतो. मूल शाळेत दाखल झाले की या मोठ्या वहीत त्याला एक क्रमांक मिळतो. त्यापुढे नाव, जन्मतारीख, जन्मगाव, आधीची शाळा, दाखल झाल्याची तारीख, शाळा सोडल्याची तारीख आणि सोडण्याचे कारण लिहिले जाते. शाळा सोडल्याचा दाखला याच नोंदीवरून मिळतो, म्हणून हे रजिस्टर कायमचे जतन करतात. त्यात पास आणि नापास असा भेद नाही. एक दिवस जरी शाळेत आला, तरी त्याची ओळ तिथे आहे.

ते ‘सोडण्याचे कारण’ एकदा सावकाश वाचून पाहावे. सारे कारण तिथे लिहिलेले नसतेच. १९७२ च्या दुष्काळात आईबापांबरोबर खडी फोडायला आणि तलावाच्या कामावर गेलेल्या मुलाच्या नावापुढे नुसते ‘सतत गैरहजर’ एवढेच सापडेल. १९८२ साली मुंबईच्या गिरण्यांचा संप झाला आणि पुष्कळ कामगारांची घरे गावी परतली. त्या मुलांच्या नावापुढे ‘परगावी गेल्यामुळे’ एवढेच असेल. त्या दोन शब्दांमागे काय घडले, हे त्याच्या शेजारी बसणाऱ्याला ठाऊक असते.

तेव्हा मेळाव्याच्या यादीचे काम मुख्याध्यापकांच्या मदतीने या रजिस्टरवरून करावे. एक पथ्य मात्र पाळावे. रजिस्टरात जात, जन्मतारीख अशा खाजगी गोष्टी असतात. म्हणून वही सर्वांपुढे उघडू नये, तिचे फोटो काढून पाठवू नयेत. शाळेनेच फक्त नाव आणि गाव उतरवून द्यावे.

नावे मिळाली की माणसे शोधायची. मुलगे बहुधा गावातच कळतात. मुलींचे तसे नाही. लग्नानंतर आडनाव बदलते, काही घरांत नावही बदलते. त्यांचा पत्ता माहेरी मिळतो. भावाकडे जावे, आई असेल तर आईकडे जावे, आणि निरोप तिच्या स्वतःच्या नावाने द्यावा. शक्य असेल तर वर्गातल्याच एखाद्या मैत्रिणीने जावे. घरचे लोक मग मोकळेपणाने पाठवतात.

दिवस कोणता धरावा, हाही विचाराचा प्रश्न आहे. शहरातल्या मंडळींना दिवाळीची सुट्टी सोयीची, माहेरवाशिणींनाही भाऊबीजेला येणे सोपे. पण बीडसारख्या जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणारी कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयते घेऊन निघतात, ती उन्हाळा लागल्यावर परततात. तुमच्या वर्गातले चार जण जर त्या फडावर असतील, तर दिवाळीचा मेळावा त्यांच्यासाठी झालाच नाही. अशा गावी अक्षयतृतीयेचा सुमार किंवा गावची जत्रा बरी. पेरणीचे आणि सुगीचे दिवस तर टाळावेतच.

आता वर्गणीचे. माणूस न येण्याचे खरे कारण पुष्कळदा हेच असते, आणि ते तो कधी सांगत नाही. “त्या दिवशी लग्न आहे हो,” असे म्हणतो. ठराविक मोठी रक्कम मागितली की रोजंदारीवर जाणारा आपोआप बाहेर राहतो. त्यापेक्षा बंद पेटी ठेवावी, ज्याला जे जमेल ते त्याने टाकावे. कुणी किती दिले याचा फलक लावू नये. एकसारखे कपडे शिवण्याची अट घालू नये. जेवण पिठलं-भाकरीचे केले तरी चालते, बरं का!

मेळाव्यात ओळख करून देताना “सध्या काय करतोस?” हा प्रश्न सगळ्यांत आधी येतो. साहेब झालेल्याला तो गोड लागतो, पण दुसऱ्याच्या शेतावर राबणाऱ्याची मान खाली जाते. त्याऐवजी “कुठल्या बाकावर बसायचास? तुझ्याशेजारी कोण?” असे विचारावे. त्याचे उत्तर प्रत्येकाजवळ असते. बायकांसाठी हळदीकुंकू ठेवले, तर ज्यांचे यजमान हयात नाहीत त्या कोपऱ्यात उभ्या राहतात. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाने २०२२ साली ग्रामसभेत ठराव करून विधवांना कमी लेखणाऱ्या प्रथा बंद केल्या. मग शाळेच्या अंगणात तरी त्या कशाला?

आणि कार्यक्रमाची सुरुवात भाषणाने न करता हजेरीने करावी. जुन्या गुरुजींनी किंवा बाईंनी रजिस्टरच्या क्रमाने नावे घ्यावीत, मुलींची माहेरच्या नावाने. जो आला असेल तो ‘हजर’ म्हणेल. जो येऊ शकला नाही, त्याच्याविषयी ज्याला माहीत असेल त्याने एक वाक्य सांगावे. जो जगातून गेला, त्याच्या नावाला सर्वांनी उभे राहावे. या हजेरीत एकही नाव गाळू नये.

याचा उपयोग काय, असे कुणी विचारील. आनंद तर आहेच, पण व्यवहारातही उपयोग आहे. वृद्धापकाळी सरकारी मदत मागताना वयाचा पुरावा लागतो. शाळेचा दाखला त्या कामी येतो, पण शाळा अर्ध्यात सोडलेले लोक संकोचाने तो मागायला जातच नाहीत. सोबत्याने बरोबर जावे. ज्याला शिक्षण पुरे करावेसे वाटते, त्याला सतरा नंबरचा अर्ज भरून खाजगी रीतीने दहावीला बसता येते. त्यालाही तोच दाखला लागतो. मुलांच्या बरोबरीने दहावीला बसलेल्या आया आपल्याकडे दिसतात. कुणाला अर्ज भरायला, कुणाला पुस्तके मिळवायला एका जुन्या सोबत्याचा हात पुरतो. दवाखान्याचे काम असो, मुलाच्या नोकरीची चौकशी असो, परक्याकडे जाताना लाज वाटते. एका बाकावरच्या माणसाकडे ती कमी वाटते.

शिक्षकांना एक विनंती. पुढचा मेळावा तुमच्या शाळेत भरायचा असेल, तर महिनाभर आधी कपाटातले ते जुने रजिस्टर बाहेर काढा. पाने जीर्ण झाली असतील, तर जपून नक्कल करून ठेवा. आणि ज्या वर्गाचा मेळावा असेल, त्या मंडळींनी पहिली भेट आपल्या सगळ्यात यशस्वी सोबत्याकडे न देता, जो सर्वांत आधी शाळा सोडून गेला त्याच्या घरी द्यावी. तो घरी नसेल, तर शेतावर जावे. आमंत्रण त्याच्या हातात द्यावे आणि म्हणावे, “तुझे नाव हजेरीत आहे, यायलाच हवे.”