पिकअप ट्रकच्या पुढील कॉइल स्प्रिंगची निवड

पिकअप ट्रकच्या पुढील आसावर कायमचा भार वाढल्यास मूळ कॉइल स्प्रिंगांच्या जागी अधिक ताठर स्प्रिंगा बसविल्या जातात. लोखंडी संरक्षक बंपर, विंच, बर्फ हटविण्याचा नांगर, दुसरी बॅटरी किंवा मूळ इंजिनापेक्षा जड इंजिन ही अशा भाराची नेहमीची कारणे होत. योग्य स्प्रिंगमुळे वाहनाची मूळ उंची, चाकांची हालचाल आणि रस्त्यावरील पकड पूर्ववत होते. गरजेपेक्षा ताठर स्प्रिंगमुळे मात्र पुढचे चाक खड्ड्यांवरून उसळते, वळणावर पकड घटते आणि शॉक ॲब्सॉर्बर अपुरे पडतात. त्यामुळे स्प्रिंगची निवड ट्रक किती उंच दिसावा यावरून न करता पुढील आसावर प्रत्यक्ष किती भार आहे यावरून केली जाते.

पार्श्वभूमी

आरंभीच्या पिकअप ट्रकांना पुढे व मागे दोन्हीकडे पाट्यांच्या स्प्रिंगा, म्हणजेच कमानपाटे असत. अमेरिकेत शेव्हरोले कंपनीने १९६० साली पुढील चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन दिले. त्यात प्रथम पिळाच्या दांड्या होत्या आणि १९६३ पासून कॉइल स्प्रिंगा आल्या. फोर्डने १९६५ साली एफ-मालिकेतील दोनचाकी चालन असलेल्या ट्रकांसाठी ‘ट्विन आय-बीम’ ही कॉइल स्प्रिंगची रचना आणली. डॉज रॅमच्या चारचाकी चालनाच्या ट्रकांना १९९४ च्या पिढीपासून, तर फोर्डच्या एफ-२५० व एफ-३५० सुपर ड्यूटीच्या चारचाकी चालनाच्या ट्रकांना २००५ पासून पुढे अखंड आसावर कॉइल स्प्रिंगा मिळाल्या. मागील बाजूस मालाचा भार मोठ्या प्रमाणात बदलत असल्याने तेथे बहुतेक पिकअपमध्ये कमानपाटेच टिकून राहिले. भारतात विकल्या जाणाऱ्या इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस (२०१६ पासून) आणि टोयोटा हायलक्स (२०२२ पासून) या ट्रकांची रचनाही अशीच, पुढे कॉइल स्प्रिंगा आणि मागे कमानपाटे, आहे.

ताठरता आणि मुक्त लांबी

स्प्रिंगचे वर्तन मुख्यतः दोन राशींवरून ठरते. स्प्रिंग एक मिलिमीटर दाबण्यासाठी लागणारे बल म्हणजे तिची ताठरता होय. ती न्यूटन प्रति मिलिमीटरमध्ये मोजतात. १०० न्यूटन प्रति मिमी म्हणजे सुमारे ५७१ पौंड प्रति इंच. कोणताही भार नसताना स्प्रिंगची जी लांबी असते ती तिची मुक्त लांबी होय. या दोन राशी एकमेकींपासून स्वतंत्र आहेत. अधिक उंच स्प्रिंग अधिक ताठर असतेच असे नाही आणि अधिक ताठर स्प्रिंग अधिक उंच असतेच असेही नाही.

गोल तारेच्या कॉइल स्प्रिंगची ताठरता तारेच्या व्यासाच्या चौथ्या घाताच्या सम प्रमाणात असते. वेटोळ्याच्या सरासरी व्यासाचा घन आणि कार्यरत वेढ्यांची संख्या यांच्याशी ती व्यस्त प्रमाणात असते. तारेचा व्यास १४ मिमीवरून १५ मिमी केला, तर इतर मापे तीच राहूनही ताठरता सुमारे ३२ टक्क्यांनी वाढते. कार्यरत वेढे आठावरून सातावर आणल्यास ती सुमारे १४ टक्क्यांनी वाढते. स्प्रिंग कापून ट्रक खाली बसविण्याच्या प्रकारात उंची घटते आणि ताठरता वाढते, ती याच कारणाने.

ताठरता ज्या दृढता गुणांकावर अवलंबून असते, तो स्प्रिंगच्या पोलादात वापरामुळे जवळजवळ बदलत नाही. त्यामुळे अनेक वर्षे वापरलेली स्प्रिंग ‘नरम’ झाल्यासारखी वाटली, तरी प्रत्यक्षात तिची मुक्त लांबी घटलेली असते आणि ताठरता जवळपास पूर्वीइतकीच असते. ट्रकवर नवा भार नसताना केवळ जुन्या स्प्रिंगा बसल्यामुळे पुढचा भाग झुकला असेल, तर मूळ मापाच्या नव्या स्प्रिंगा हाच त्यावरचा उपाय असतो.

चाकापाशी जाणवणारी ताठरता

स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये स्प्रिंग खालच्या भुजेवर चाकापेक्षा आत बसविलेली असते. चाक जितके वर जाते त्यापेक्षा स्प्रिंग कमी दाबली जाते. या दोन हालचालींच्या गुणोत्तराचा वर्ग करून त्याने स्प्रिंगच्या ताठरतेस गुणले असता चाकापाशी जाणवणारी ताठरता मिळते. गुणोत्तर ०.६ असल्यास १०० न्यूटन प्रति मिमीची स्प्रिंग चाकापाशी केवळ ३६ न्यूटन प्रति मिमी इतकी भासते. अखंड आसाच्या ट्रकमध्ये स्प्रिंग आसावरच टेकलेली असल्याने, दोन्ही चाके एकदम वर जाताना, हे गुणोत्तर एकाच्या जवळ असते. म्हणून दोन वेगळ्या रचनांच्या ट्रकांच्या स्प्रिंगांचे आकडे परस्परांशी थेट ताडून पाहणे दिशाभूल करणारे ठरते.

याच गुणोत्तरामुळे, स्प्रिंग व शॉक ॲब्सॉर्बर यांच्या जोडणीवर बसविलेला १० मिमी जाडीचा ठोकळा ट्रकचा पुढचा भाग १० मिमीपेक्षा जास्त उचलतो. अशा ठोकळ्याने उंची वाढते, पण ताठरता बदलत नाही.

भाराचे मापन

पुढील आसाच्या पुढे बसविलेल्या वस्तूचा भार त्या आसावर तिच्या वजनापेक्षा जास्त पडतो, कारण ट्रक आसाभोवती तरफेप्रमाणे वागतो. दोन आसांमधील अंतर ३,१०० मिमी असलेल्या ट्रकच्या पुढील आसापुढे ८०० मिमीवर ९० किलोग्रॅमचे बंपर व विंच बसविल्यास पुढील आसावर सुमारे ११३ किलोग्रॅम वाढतात आणि मागील आसावरचे सुमारे २३ किलोग्रॅम कमी होतात. उलट मागील आसाच्या मागे जड माल भरल्यास किंवा हुकाला ट्रेलर जोडल्यास पुढचा भाग हलका होतो. त्यामुळे सुट्या भागांच्या वजनांची नुसती बेरीज पुरेशी नसते. ट्रक नेहमीच्या सामानासह, इंधनाची टाकी भरून आणि प्रवाशांसह वजनकाट्यावर नेऊन प्रत्येक आसाचा भार स्वतंत्रपणे मोजणे ही खात्रीची पद्धत होय.

कायमचा भार आणि अधूनमधून येणारा भार यांत भेद केला जातो. बंपर वर्षभर गाडीवर असतो; बर्फाचा नांगर हिवाळ्यातच जोडला जातो. उत्तर अमेरिकेत काही उत्पादक नांगरासाठी तयार केलेल्या ट्रकांना कारखान्यातूनच अधिक ताठर पुढील स्प्रिंगा देतात. असा ट्रक उन्हाळ्यात नांगराविना चालविताना पुढून उंच व कडक वाटतो.

उदाहरण

पुढील तक्त्यात वरील ट्रकच्या पुढील प्रत्येक चाकावर मूळ ५०० किलोग्रॅमचा भार असल्याचे आणि गुणोत्तर ०.६ असल्याचे गृहीत धरले आहे. सर्व स्प्रिंगांची मुक्त लांबी समान आहे. अतिरिक्त भार प्रत्येक चाकावर सुमारे ५७ किलोग्रॅम येतो. उंचीतील फरक मूळ उंचीच्या तुलनेत दिला आहे.

| स्प्रिंगची ताठरता (न्यूटन प्रति मिमी) | भारासह उंची | भाराविना उंची | भारासह दोलनांची वारंवारता |
|---|---|---|---|
| १०० (मूळ) | १५ मिमी खाली | मूळ | १.२८ हर्ट्झ |
| १११ | मूळ | १४ मिमी वर | १.३५ हर्ट्झ |
| १२० | १० मिमी वर | २३ मिमी वर | १.४० हर्ट्झ |
| १५० | ३५ मिमी वर | ४५ मिमी वर | १.५७ हर्ट्झ |

मूळ ट्रकची भाराविना वारंवारता १.३५ हर्ट्झ होती. चाकावरील भार सुमारे ११ टक्के वाढला असता ताठरताही सुमारे ११ टक्केच वाढविल्यास उंची आणि वारंवारता दोन्ही पूर्ववत होतात. मूळ स्प्रिंगखाली सुमारे ९ मिमीचा ठोकळा घातल्यासही उंची परत येते, पण वारंवारता १.२८ हर्ट्झच राहते आणि मोठ्या खड्ड्यात सस्पेन्शन रबरी थांब्यावर लवकर आदळते. दीडपट ताठर स्प्रिंग बसविल्यास ट्रक उंच होतो. मात्र तिची लांबी घटवून उंची मूळ राखली, तरी वारंवारतेतील वाढ तशीच राहते.

अतिताठर स्प्रिंगचे परिणाम

शॉक ॲब्सॉर्बरचे काम स्प्रिंगची दोलने शमविणे हे आहे. भार व ताठरता यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात शमनाची गरज वाढते. वरील उदाहरणात १५० न्यूटन प्रति मिमीची स्प्रिंग मूळ शॉक ॲब्सॉर्बरसह वापरल्यास सापेक्ष शमन सुमारे २३ टक्क्यांनी घटते. स्प्रिंग दाबली गेल्यावर ती वेगाने उलटते, पुढचा भाग उसळत राहतो आणि खडबडीत रस्त्यावर चाकाचा जमिनीवरील दाब कमीजास्त होतो. त्याचा फटका ब्रेक व स्टिअरिंग या दोघांनाही बसतो. म्हणून ताठरता लक्षणीय वाढविताना शॉक ॲब्सॉर्बरही त्या प्रमाणात निवडले जातात.

केवळ पुढील स्प्रिंगा ताठर केल्यास वळणावर वाहन कलण्यास होणाऱ्या विरोधातील पुढील आसाचा वाटा वाढतो. बाहेरच्या पुढील चाकावर जास्त भार जातो, पुढील टायरांची एकूण पकड घटते आणि ट्रक अपेक्षेपेक्षा कमी वळतो. मागचा भाग रिकामा असताना हे अधिक जाणवते.

उंची वाढल्यास पुढील गोष्टी तपासाव्या लागतात:

- चाकांचे कोन, म्हणजेच कॅम्बर, कॅस्टर आणि टो. त्यांत बदल झाल्यास टायर एका कडेने झिजतात.
- चारचाकी चालनाच्या ट्रकमध्ये पुढील चालक दांड्यांच्या सांध्यांचा कोन.
- चाक खाली लोंबण्यासाठी उरलेली जागा आणि ब्रेकच्या नळ्यांची लांबी.
- दिव्यांचा झोत आणि पुढील काचेवरील कॅमेऱ्याचे समायोजन.

चढत्या ताठरतेची स्प्रिंग

वेढ्यांमधील अंतर एकसारखे न ठेवता काही वेढे जवळजवळ ठेवल्यास दाब वाढल्यावर ते एकमेकांना टेकतात, कार्यरत वेढ्यांची संख्या घटते आणि ताठरता वाढत जाते. ज्या ट्रकवरील भार वारंवार बदलतो त्यासाठी ही रचना उपयोगी आहे. कायमचा भार मोठा असल्यास मात्र जवळचे वेढे उभ्या ट्रकमध्येच टेकलेले राहू शकतात. मग स्प्रिंगचा मऊ टप्पा वापरात येतच नाही.

सुरक्षा आणि कायदेशीर मर्यादा

ताठर स्प्रिंगमुळे ट्रकची अनुज्ञेय भारक्षमता आपोआप वाढत नाही. आसाची कमाल भारमर्यादा बेअरिंग, भुजा, चॅसी, टायर आणि ब्रेक यांवरही अवलंबून असते. नव्या स्प्रिंगमुळे ट्रक सरळ उभा दिसत असला, तरी मर्यादेपलीकडील भार या भागांवर कायम असतो. झुकलेला पुढचा भाग ही त्याची दिसणारी खूणच तेवढी नाहीशी झालेली असते.

भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनात उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करण्यावर निर्बंध आहेत. याच कलमाच्या आधारे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये वाहनांवरील अनधिकृत बुल बार व क्रॅश गार्डविरुद्ध कारवाई करण्यास राज्यांना सांगितले. त्यामुळे पुढील भार वाढण्याचे अन्य देशांतील एक प्रमुख कारण भारतात कायद्याच्या कक्षेबाहेर जाते.

स्प्रिंग बदलणे हे कामही धोक्याचे आहे. १०० न्यूटन प्रति मिमीची स्प्रिंग १५० मिमी दाबलेली असताना तिच्यात सुमारे १,१२५ जूल ऊर्जा साठलेली असते. साडेअकरा किलोग्रॅमचे वजन १० मीटर उंचीवरून पडताना सुटते तितकीच ही ऊर्जा आहे. अधिक ताठर स्प्रिंगमध्ये तितक्याच दाबाला ती त्या प्रमाणात वाढते. स्प्रिंग पुरेशी आवळून धरल्याशिवाय वरचे नट सैल केल्यास ती झटक्यात सुटून जीवघेणी इजा होऊ शकते. म्हणून हे काम त्या भारासाठी बनविलेल्या स्प्रिंग कॉम्प्रेसरने केले जाते. एकाच आसावरील दोन्ही स्प्रिंगा एकाच वेळी बदलल्या जातात आणि त्यानंतर चाकांचे अलाइनमेंट केले जाते.

हे सुद्धा पहा

- हूकचा नियम
- शॉक ॲब्सॉर्बर
- कमानपाटे
- पिकअप ट्रक