बोलीतून साहित्याकडे – भाग ७ : पारबती आणि लाविनो

मागच्या भागात जात्यावरच्या ओवीचा विचार केला. मराठवाड्यातल्या बायकांनी सासर, माहेर, भाऊ, विठोबा असं सगळं ओवीत बोलून घेतलं. गाय पॉइटविन आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रभर अशा लाखाहून अधिक ओव्या नोंदवल्या गेल्या. ओवीतली बाई ‘मी’ म्हणून बोलते, सखीला किंवा जात्याला हाक मारते आणि मनातली सल गाण्याच्या आडून सांगून टाकते. ही बाई मराठी कादंबरीत यायला मात्र बराच काळ जावा लागला.

ती आली १९७१ साली, रा. रं. बोराडे यांच्या ‘पाचोळा’मधून.

बोराडे लातूर तालुक्यातल्या काटगावचे. जन्म १९४०चा. १९५७मध्ये ‘वसुली’ ही पहिली कथा छापून आली, १९६२मध्ये ‘पेरणी’ हा संग्रह निघाला. त्या काळच्या बऱ्याच ग्रामीण लेखनात एक वाटणी ठरून गेलेली होती. पात्रं बोलीत बोलायची, लेखक प्रमाण मराठीत. उद्धव शेळके यांच्या ‘धग’मधले (१९६०) वऱ्हाडी संवाद विलक्षण जिवंत आहेत, पण निवेदन मुख्यतः प्रमाण मराठीतच चालतं. ‘पाचोळा’ने ही वाटणी मोडली. गंगाराम शिंप्याची बायको पारबती सगळी गोष्ट स्वतः सांगते, तीही आपल्या लातूर-उस्मानाबादकडच्या बोलीत. शिवणकामावर चालणारं एक घर बदलत्या काळात कसं उसवत गेलं, ते ज्या बाईने सोसलं तिच्याच तोंडून कळतं. लेखकाने मधे येऊन अर्थ सांगावा, याला जागाच उरत नाही.

अशीच आपली गोष्ट आपल्याच तोंडून सांगणारी बाई दुसरीकडेही भेटते. ‘पाचोळा’च्या पाच वर्षं आधी, १९६६मध्ये, नैरोबीत एक दीर्घकाव्य प्रसिद्ध झालं : ‘साँग ऑफ लाविनो’. कवी ओकोट प'बिटेक, युगांडातल्या गुलूचा, अचोली समाजातला. तरुणपणी तो युगांडाच्या राष्ट्रीय संघातून फुटबॉल खेळायचा. १९५६मध्ये संघाबरोबर इंग्लंडला गेला तो शिकायला तिथेच राहिला. पुढे ऑक्सफर्डमध्ये त्याने मानववंशशास्त्राचा अभ्यास केला. पण त्याची खरी शाळा घरातच होती, कारण आई गाणारी आणि नाचणारी म्हणून ओळखली जायची. अचोली गाण्यांत मोठ्यातल्या मोठ्या माणसाची भर समाजात टर उडवता येते, आणि कवीने ही मुभा पुरेपूर वापरली. त्याची लाविनो ही खेड्यातली, शाळेचं तोंड न पाहिलेली बायको. शिकलेला नवरा ओचोल तिला गावंढळ म्हणून हिणवतो आणि साहेबी थाटाच्या क्लेमेंटाइनच्या मागे लागतो. लाविनो रडत बसत नाही. भाऊबंदांना हाका मारून ती नवऱ्याच्या एकेक सोंगाचा पंचनामा करते.

पारबती आणि लाविनो दोघीही मोडत्या घराची गोष्ट स्वतःच सांगतात, पण दोघींमधला फरकही लहान नाही. लाविनोचं भांडण घरातल्याच माणसाशी आहे, नवी राहणी डोक्यावर घेणाऱ्या नवऱ्याशी. पारबतीला असा एक प्रतिवादी मिळत नाही. तिचं घर ज्याने मोडलं तो काळ कुणा एकाच्या रूपात समोर उभा राहत नाही, म्हणून तिच्या सांगण्यात टोमण्यापेक्षा घालमेल जास्त आहे. भाषेची वाटही वेगळी. ओकोटने मूळ काव्य अचोलीत रचलं आणि स्वतःच इंग्रजीत आणलं. अचोली आवृत्ती निघाली इंग्रजीनंतर, १९६९मध्ये. बोराड्यांनी असं भाषांतर केलं नाही. ‘काय करायलास?’ म्हणणाऱ्या मुलखाची बोली त्यांनी पुण्या-मुंबईच्या वाचकापुढे आहे तशी ठेवली आणि समजून घेण्याचं काम त्याच्यावर सोपवलं.

दोन्ही ठिकाणी लिहिणारा पुरुष आहे, बोलणारी बाई, हेही विसरून चालणार नाही. लाविनोला आणि पारबतीला आवाज मिळाला तो उसना. स्वतःचं जगणं स्वतः लिहिणाऱ्यांची फळी मराठवाड्यात त्यानंतर उभी राहिली. लातूरजवळच्या धनेगावचे लक्ष्मण गायकवाड आणि त्यांचं ‘उचल्या’ (१९८७) यांच्यापासून पुढच्या भागात तिची ओळख करून घेऊ.