बक्षीस आणि शिकण्याची गोडी

मुलाने अभ्यास करावा म्हणून त्याला काहीतरी कबूल करणे, हा घरोघरी चालणारा उपाय आहे. पाढे पाठ केलेस तर खाऊ, पहिला नंबर आणलास तर सायकल! हेतू चांगलाच असतो. परंतु अशाने शिकण्याची गोडी वाढते की आटते, याचा विचार क्वचितच होतो.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालशाळेत लेपर, ग्रीन व निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी याच प्रश्नावर केलेला प्रयोग १९७३ साली प्रसिद्ध झाला. चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेल्या, तीन ते पाच वर्षांच्या ५१ मुलांचे त्यांनी तीन गट केले. चित्र काढल्यास सोनेरी तारा व फीत लावलेले प्रशस्तिपत्र मिळेल, असे पहिल्या गटाला आधीच सांगितले. दुसऱ्या गटाला तेच प्रशस्तिपत्र चित्रे काढून झाल्यावर अवचित दिले. तिसऱ्या गटाला काहीच दिले नाही. एक-दोन आठवड्यांनी रंगीत लेखण्या पुन्हा वर्गात मांडल्या, तेव्हा पहिल्या गटाने चित्रांना दिलेला वेळ इतरांच्या मानाने सुमारे निम्माच भरला!

याचे कारण उघड आहे. जे मूल आनंदासाठी रंगवीत होते, ते आता मोबदल्यासाठी रंगवू लागले. मोबदला थांबला, तशी ओढही ओसरली. अवचित मिळालेल्या प्रशस्तिपत्राने मात्र काही बिघडले नाही. तेव्हा दोष कौतुकात नसून आधी ठरविलेल्या सौद्यात आहे.

गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगर येथे बालमंदिर सुरू केले, तेव्हाच आमिष आणि धाक या दोहोंना त्यांचा विरोध होता. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी पुढे बोर्डी व कोसबाड येथे, मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच, बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. मुलाची ओढ विकत घेण्यापेक्षा ती जागी करावी, हा त्यामागील विचार होय.

ज्या विषयाची मुळीच आवड नाही, तेथे आरंभी लहानसे बक्षीस उपयोगी पडते. पण मूल रमू लागताच ते हळूहळू कमी करावे. आणि “किती गुण मिळाले?” याआधी “हे गणित तू कसे सोडविलेस?” असे पालकांनी विचारून पाहावे. उत्तर सांगताना मुलाला आपल्याच कामाचा आनंद पुन्हा मिळतो.