भीमगीताची रिंगटोन आणि कार्यकर्त्याचा फोन : आवाज कसा लावायचा, कसा जपायचा

एप्रिल लागला की वस्त्यावस्त्यांतून फोनचे आवाज बदलतात. कुणी वामनदादा कर्डकांचे गीत लावतो, कुणी आजच्या तरुण गायकाचे, तर कुणी वंदनेची धून. पूर्वी भीमाचा विचार जलशातून गावोगाव गेला, नंतर कॅसेटमधून घराघरांत पोहोचला आणि आता तो आपल्या खिशात वाजतो. त्यामुळे रिंगटोन ही आपल्याकडे निव्वळ हौस राहिलेली नाही. ती ओळख आहे.

या ओळखीची किंमतही आपण मोजली आहे. मे २०१५ मध्ये शिर्डी येथे नर्सिंगचे शिक्षण घेणाऱ्या एका बौद्ध तरुणाची हत्या झाली. फोनवर वाजलेल्या बाबासाहेबांच्या गाण्यावरून वाद उकरून काढून त्याला मारहाण करण्यात आली, अशा बातम्या तेव्हा देशभर प्रसिद्ध झाल्या होत्या. ही घटना आम्ही विसरलेलो नाही. म्हणून फोनचा आवाज कसा बदलावा हे सांगताना, तो का लावावा आणि कुठे जपून वापरावा, हेही सांगणे आम्हाला आवश्यक वाटते.

आधी फरक समजून घेऊ

फोनमध्ये तीन आवाज वेगवेगळे असतात. कॉल आल्यावर वाजते ती रिंगटोन, मेसेज किंवा ॲपची सूचना आल्यावर वाजतो तो नोटिफिकेशनचा आवाज आणि तिसरा अलार्म. यात अनेक जण कॉलर ट्यूनचा घोळ करतात. आपल्याला फोन करणाऱ्याला जे गाणे ऐकू येते ती कॉलर ट्यून. ती मोबाईल कंपनीकडून घ्यावी लागते आणि तिचे काही वेळा वेगळे पैसे पडतात. रिंगटोन मात्र आपल्याच फोनमधली फाईल असते. तिला एक रुपयाही लागत नाही.

गाण्याचा तुकडा किती लांब असावा?

ट्रायने २०१९ मध्ये ठरवल्यानुसार मोबाईलची रिंग, कुणी उचलली नाही तर, ३० सेकंद वाजते. म्हणजे पाच मिनिटांचे गाणे लावले तरी ऐकू येणार पहिली ३० सेकंदच, आणि त्यातही सुरुवातीचा निम्मा भाग नुसत्या ढोलकी-हार्मोनियमचा असतो. म्हणून ज्या ओळीसाठी गाणे आवडते, तिथून २५ ते ३० सेकंदांचा तुकडा कापून घ्यावा. कापण्यासाठी ऑडिओ कटर प्रकारचे कुठलेही चांगले ॲप चालते, पण ते प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअरवरूनच घ्यावे. ग्रुपवर ‘जयंती स्पेशल रिंगटोन’ अशा नावाने एपीके फाईल आली तर ती उघडू नये. रिंगटोन ही एमपी३, एम४ए किंवा ओजीजी फाईल असते, एपीके कधीच नसते. एपीके उघडणे म्हणजे अनोळखी ॲप आपल्या फोनमध्ये घेणे. तसेच गाणे कापणाऱ्या ॲपने आपले मेसेज किंवा कॉलची माहिती मागितली, तर त्याला सरळ नकार द्यावा. गाणे कापायला आपल्या मेसेजची गरज काय?

नोटिफिकेशनसाठी मात्र एक-दोन सेकंदांचाच आवाज ठेवावा. जयंती समितीच्या ग्रुपवर दिवसाला दोनशे मेसेज येतात. प्रत्येक मेसेजला गाणे वाजू लागले तर घरचेच फोन बंद करायला लावतील.

अँड्रॉइड फोनवर

१. कापलेली फाईल फोनच्या इंटर्नल स्टोरेजमधील ‘रिंगटोन्स’ या फोल्डरमध्ये ठेवा. मेसेजचा आवाज असेल तर ‘नोटिफिकेशन्स’ फोल्डरमध्ये. फोल्डर नसेल तर फाईल मॅनेजरमधून तयार करता येतो.

२. सेटिंग्जमध्ये जाऊन ‘साउंड अँड व्हायब्रेशन’ उघडा आणि ‘रिंगटोन’वर बोट ठेवा. फोल्डरमधील फाईल यादीत दिसेल. दिसली नाही तर अधिक (+) चिन्ह किंवा ‘माय साउंड्स’सारखा पर्याय शोधा. कंपनीनुसार नावे थोडी बदलतात, वाट मात्र हीच.

३. एखाद्या व्यक्तीसाठी वेगळी रिंगटोन हवी असेल तर कॉन्टॅक्ट्समध्ये तिचे नाव उघडा, वरच्या तीन टिंबांवर जा आणि ‘सेट रिंगटोन’ निवडा.

काही दिवसांनी रिंगटोन आपोआप जुनी होते, अशी तक्रार बरेच जण करतात. याचे कारण बहुतेक वेळा एकच असते. व्हॉट्सॲपवर आलेली फाईल तिथूनच रिंगटोन म्हणून लावलेली असते आणि पुढे जागा रिकामी करताना ती पुसली जाते. फाईल गेली की फोन मूळच्या आवाजावर येतो. म्हणूनच वर सांगितलेल्या फोल्डरमध्ये तिची प्रत ठेवणे महत्त्वाचे.

आयफोनवर

आयफोनवर काम जरा फिरून करावे लागते. ॲपलच्याच ‘गॅरेजबँड’ या मोफत ॲपमध्ये गाण्याची फाईल घ्यायची, ३० सेकंदांपर्यंत कापायची आणि ‘शेअर’मधून ‘रिंगटोन’ हा पर्याय निवडायचा. त्यानंतर सेटिंग्जमधील ‘साउंड्स अँड हॅप्टिक्स’मध्ये ती यादीत सापडते. २०२५ मध्ये आलेल्या आयओएस २६ पासून फाईल्स ॲपमधील छोटी ऑडिओ फाईल थेट रिंगटोन म्हणून लावता येते. नवा फोन असेल तर आधी तेच करून पाहावे.

व्हॉट्सॲपसाठी वेगळे आवाज

कार्यकर्त्याच्या फोनवर पंचवीस-तीस ग्रुप असतात. ‘सुप्रभात, जयभीम’च्या चित्रांखाली तातडीचा निरोप बुडून जातो. वस्तीत पोलीस आले, विद्यार्थ्याच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाचा शेवटचा दिवस आहे, कुणाला रक्त हवे आहे, असे निरोप दोन तासांनी वाचून उपयोग नसतो. यावर उपाय सोपा आहे.

व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमधील ‘नोटिफिकेशन्स’मध्ये मेसेज, ग्रुप आणि कॉल यांचे आवाज वेगवेगळे ठेवता येतात. त्याहून उपयोगी म्हणजे एखाद्या ग्रुपचे नाव उघडून ‘नोटिफिकेशन्स’मध्ये त्या एकट्या ग्रुपचा आवाज बदलता येतो. आमची सूचना अशी : शुभेच्छांचे सगळे ग्रुप म्यूट करावेत, तातडीच्या कामाचा एकच लहान ग्रुप ठेवावा आणि त्याला ठळक, वेगळा आवाज द्यावा. त्या ग्रुपवर शुभेच्छा टाकायच्या नाहीत, हा नियम सर्वांनी पाळावा.

आवाज लावूनही मेसेज उशिरा वाजत असतील तर फोनची बॅटरी बचत तपासा. ॲपच्या बॅटरी सेटिंगमध्ये व्हॉट्सॲपवरचे निर्बंध काढले की हा त्रास बहुधा थांबतो.

रात्रीचा फोन चुकू नये म्हणून

रात्री फोन शांत ठेवणे गरजेचे आहे. पण अत्याचाराच्या घटनेत मदतीसाठी पहिला फोन बहुतेक वेळा कार्यकर्त्यालाच येतो, तोही अवेळी. ‘डू नॉट डिस्टर्ब’ चालू असतानाही निवडक माणसांचे फोन वाजू शकतात. अँड्रॉइडवर त्यांची नावे स्टार करून ‘स्टार्ड कॉन्टॅक्ट्स’ना परवानगी द्यावी. एकाच नंबरवरून १५ मिनिटांत दुसऱ्यांदा फोन आला तर तो वाजू देण्याचाही पर्याय तिथेच असतो. आयफोनवर कॉन्टॅक्ट एडिट करून रिंगटोनच्या पानावर ‘इमर्जन्सी बायपास’ चालू केले की त्या व्यक्तीचा फोन सायलेंटवरही वाजतो. घरचे, गावातील दोन-तीन जबाबदार साथी आणि ओळखीचे वकील, एवढी नावे त्यात पुरेशी आहेत.

कुठे वाजवावी, कुठे नाही

विहारात, धम्मदेसनेत, अंत्यविधीला आणि चैत्यभूमीच्या रांगेत फोन व्हायब्रेटवरच असावा. गीत बाबासाहेबांचे असले तरी ध्यानाला बसलेल्या माणसाच्या शांततेत ते व्यत्ययच आणते. त्रिशरण-पंचशील रिंगटोन म्हणून लावावे का, यावर आपल्यात दोन मते आहेत. आम्हाला वाटते, न लावलेले बरे. फोन उचलताच ते शब्द मध्येच तुटतात आणि फोन कुठेही, अगदी शौचालयातही वाजतो. त्याऐवजी घंटेचा एक साधा टोला ठेवावा. भदंत थिच न्हात हान्ह यांच्या प्लम व्हिलेज परंपरेत फोनची रिंग हीच सजगतेची घंटा मानतात. रिंग ऐकू आली की आधी श्वासाकडे लक्ष द्यायचे, मग फोन घ्यायचा. दिवसभर तावातावाने फोनवर भांडणाऱ्या आपल्यासारख्यांना ही सवय फार उपयोगी पडेल.

जयंतीच्या मिरवणुकीत किंवा ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर स्वयंसेवक असाल तर आणखी एक गोष्ट. तिथे चहूबाजूंनी भीमगीतेच वाजत असतात, त्यात आपलीच रिंगटोन कळत नाही. त्या दिवसांपुरता साधा, कर्कश आवाज लावावा आणि व्हायब्रेशन चालू ठेवावे.

कुणी रिंगटोनवरून अडवले तर

बाबासाहेबांचे गीत फोनवर वाजणे हा गुन्हा नाही. त्यावरून धमकी, जातिवाचक शिवीगाळ किंवा मारहाण करणे हा मात्र गुन्हा आहे. अनुसूचित जाती व जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, १९८९ अशा प्रसंगी लागू होतो. तरीही एकटे असताना, समोर टोळके असताना वाद घालत बसू नये. तिथून सुरक्षित निघणे हे पहिले काम. यात माघार नाही, शहाणपण आहे. त्यानंतर ११२ वर फोन करावा. अत्याचारविरोधी राष्ट्रीय हेल्पलाईनचा नंबर १४५६६ आहे, तो आजच सेव्ह करून ठेवावा. वेळ, ठिकाण, बोललेले शब्द आणि साक्षीदारांची नावे लगेच लिहून ठेवावीत आणि लेखी तक्रार देऊन तिची पोच घ्यावी. घटना दुसऱ्या हद्दीतली आहे या कारणावरून पोलिसांना तक्रार नाकारता येत नाही.

एक शेवटची विनंती

आपले शाहीर आणि गायक आयुष्यभर गाऊनही बहुतेक वेळा हलाखीतच राहिले. त्यांच्या गाण्याचा तुकडा स्वतःच्या फोनसाठी जरूर वापरा, पण गीतकार-गायकाचे नाव फाईलला द्या आणि मूळ गाणे त्यांच्या अधिकृत चॅनलवर जाऊन ऐका. त्यांचे नाव पुसून, त्यावर स्वतःचा फोटो चिकटवून ते फिरवू नका.

या रविवारी विहारात जमाल तेव्हा अर्धा तास काढा. ज्येष्ठांच्या फोनवर त्यांच्या आवडीचे गीत लावून द्या, मुलांचे फोन ओळखू येतील असा वेगळा आवाज ठेवा आणि १४५६६ हा नंबर प्रत्येकाच्या फोनमध्ये सेव्ह करा.

जयभीम! नमो बुद्धाय!